हरण्याची चाल

बद्रुद्दीन नालबंदाच्या लिंबाखाली सकाळपासून बैल येऊन थांबले होते, आणि रामकिशन हरण्याचा कासरा धरून सगळ्यांच्या मागे उभा होता. मागून कोणी आला की तो बाजूला सरायचा. "व्हा पुढं, मला काई घाई न्हाई," म्हणायचा. असं चार-दोन जणांना त्याने पुढे जाऊ दिलं तेव्हा मोहनसिंग हसायला लागला. मोहनसिंगाचं काम झालं होतं, तरी तो घरी जाईना. लिंबाखालची सावली आणि गप्पा सोडून घरी कोण जातो.

"काहून रे रामकिशन, बैलाला नाल ठोकायचे का बैलाचं लगीन लावायचं? मुहूर्त पाहून राहिला काय?"

रामकिशन हसल्यासारखं करून कासरा एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिला. हरण्याने मागचा उजवा पाय नुसता जमिनीला लावून ठेवला होता. भार तीन पायांवर होता.

फाल्गुन सरत आला होता. ज्वारी खळ्यावरून घरात गेली होती, काळी रानं भेगाळली होती आणि वखरपाळीचे दिवस होते. साखऱ्याच्या अलीकडच्या या गावात नालबंद एकच. तिकडे साता समुद्रापलीकडे साहेबाची लढाई चालू होती म्हणून इकडे लोखंड मिळत नव्हतं. बद्रुद्दीन गाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेचे तुकडे तापवून त्यातून नाल काढायचा. कोणाची गाडी मोडली असं ऐकलं की मदीनाबी, त्याची बायको, धाव मागायला सगळ्यांच्या आधी जायची.

बद्रुद्दीनच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऊन आहे की सावली आहे एवढं त्याला कळायचं. समोरचं माणूस हललं तर माणूस, नाहीतर खांब. पण बैलाचं खूर हातात आलं की त्याला डोळ्यांची गरज पडत नसे. अंगठ्याने नखी चाचपून तो सांगायचा, हा बैल माळावर चरतो का काळ्या रानात. एकच गोष्ट हाताला कळत नव्हती. बैल चालतो कसा, ते. ते मालकाने सांगायचं. आणि दुसऱ्याच्या बैलाची चाल दुसऱ्याने सांगायची नाही, असा तिथला रिवाज होता. नाहीतर बघ्यांनी बद्रुद्दीनचे कान खाल्ले असते.

नुसतं "लंगडतो" म्हणून मात्र त्याच्यापुढे भागत नसे.

"लंगडती तर सारी दुनिया," तो म्हणायचा. "कसा लंगडतो, ते बोल."

मग माणूस विचारात पडायचा. पाऊल पडलं की दरवेळी दगडाला अडतं, तर तो ठेचाळतो, त्याची नखी वाढलेली. पाय टेकवतो आणि चटका बसल्यासारखा उचलून घेतो, तर खुरात खडा नाहीतर काटा. बारीक बारीक पावलं टाकत जमिनीला चिकटून जातो, तर तो खुरडतो, त्याचे तळवे झिजले. आणि पाय मागे राहतो, अंगाबरोबर येत नाही, खुराचं टोक धुळीत रेघ ओढत येतं, तर तो पाय फरफटवतो. मग बद्रुद्दीन खुराला हातच लावत नसे. तो वर खुब्याकडे जायचा आणि विचारायचा, "जू कसं हाय तुझं?" कारण रस्ता खूर बिघडवतो, पण खुबा बिघडवतं ते जू.

हे शब्द हळूहळू साऱ्या गावाच्या तोंडी बसले होते. आडावर बाया पाणी शेंदताना बोलायच्या, "आमचं म्हातारं आता खुरडाया लागलं." बाजारच्या दिवशी मोहनसिंग पिऊन यायचा तेव्हा त्याची बायको दारात उभी राहून शेजारणीला विचारायची, "झोकांड्या का भेलकांड्या?" झोकांड्या असल्या तर ती भाकरी वाढायची. भेलकांड्या असल्या तर दार लावून घ्यायची.

रामकिशनची पाळी आली.

हरण्या त्याचा नव्हता. हरण्या गोजरबाईचा. गोजरबाईचा नवरा हरिचंद आणि रामकिशन लहानपणापासूनचे दोस्त. दोघांकडे एकेक बैल, म्हणून दोघांची सावड. दोन्ही बैलांची मिळून जोडी करायची, आधी एकाचं रान, मग दुसऱ्याचं. हरिचंद तापाने गेला तेव्हा गावाला वाटलं होतं, आता सावड मोडली. रामकिशनने मोडली नाही. गोजरबाईचं रानही तोच वखरायचा, हरण्याही त्याच्याच गोठ्यात बांधलेला असायचा. गाव त्याचं कौतुकाने नाव घ्यायचं.

पण मागच्या पोळ्याच्या सुमाराला रामकिशनचा चांद्या आजारी पडला. खोकायचा, वैरण टाकून उभा राहायचा. बरा झाला तरी अंगात दम राहिला नाही. तेव्हा एका सकाळी रामकिशनने येठण सरकवलं. जुवाच्या मध्यावर खाच असते आणि त्या खाचेत येठण बसतं. येठण म्हणजे जू आणि वखराची दांडी एकत्र बांधणारी कातडी वादी. ती मध्यावर असली की दोन्ही बैलांच्या मानेवर सारखा भार. बोटभर सरकवली की जी बाजू लांब होते त्या बैलाला हलकं, दुसऱ्याला जड. चांद्याची बाजू लांब झाली. चार दिवसांपुरतं, असं तो स्वतःला म्हणाला. हरण्या जवान आहे, त्याला काय कळतंय. चार दिवसांचे महिने झाले. चांद्या अंगाने भरला. रोज सकाळी येठण बांधताना रामकिशनचा हात आपसूक खाचेच्या बाजूला जायचा, आणि त्या हाताकडे तो बघत नसे.

"कोनाचा बैल?" बद्रुद्दीनने विचारलं.

"गोजरवैनीचा. मी हाय, चाचा, रामकिशन."

"बोल बेटा. कसा चालून राहिला?"

सकाळी गोठ्यापासून लिंबापर्यंत धुळीत रेघ उमटत आली होती, एखाद्या पोराने काठी ओढत न्यावी तशी. रामकिशनने ती वळून वळून पाहिली होती. तो म्हणाला, "टेकवतो अन् उचलून घेतो. खडा घुसला आसंल."

बैल पाडला. चारी पाय एकत्र बांधले. रामकिशन हरण्याच्या मानेवर बसला. बद्रुद्दीनने खूर मांडीवर घेतलं आणि बराच वेळ नुसतं धरून ठेवलं.

"गरम न्हाई," तो म्हणाला. "खडा आसला म्हंजे खूर तापतं. हे तर थंडगार हाय. तू बराबर पाहिलं का?"

"पाहिलं न चाचा."

"धुळीत रेघ वढत न्हाई?"

"न्हाई."

"जू बराबर हाय?"

"बराबर हाय."

ते खरं होतं. आदल्या संध्याकाळीच त्याने येठण सोडून मधल्या खाचेत घट्ट बांधलं होतं. ते बांधताना त्याची बायको द्वारकाबाई शेणाची पाटी घेऊन दारातून गेली होती. थांबली होती, त्याच्या हाताकडे बघून मग गेली होती. आज जू बराबर होतं. या एका खऱ्या शब्दाला रामकिशनने मनात धरून ठेवलं.

बद्रुद्दीनने नखी कापायला सुरुवात केली. पापुद्रा पापुद्रा काढत गेला. दर वेळी अंगठा फिरवायचा आणि मान हलवायचा.

"खडा सापडंना, रामकिशन."

"आजून आत आसंल."

हे बोलायची काही गरज नव्हती. एवढ्यावर थांबला असता तर म्हाताऱ्याने नाल ठोकून बैल सोडला असता. पण खोटं एकदा बोललं की ते अर्धवट दिसू नये असं माणसाला वाटतं. बद्रुद्दीनने आणखी कापलं, आणि हरण्या असा हंबरला की रांगेतले सगळे बैल मागे सरले. खुरातून रक्त आलं. बद्रुद्दीनने बोटं नाकाजवळ नेली, वास घेतला आणि हळूच म्हणाला, "या अल्ला." मग तापलेल्या तेलाचा बोळा लावून फडकं बांधलं.

आठवडा गेला नाही तोच खूर पिकलं. आता हरण्या पाय फरफटवतही नव्हता, तो जमिनीला लावायलाच तयार नव्हता. तीन पायांवर दोन पावलं उड्या मारल्यासारखा यायचा आणि बसायचा. बसला की उठताना धडपडायचा. पुढचे गुडघे टेकवायचा, मागचं अंग उचलायला जायचा, ते एका बाजूला पडायचं, पुन्हा उचलायचा. रामकिशन शेपटीला हात घालून उठवायला जायचा तर हरण्या त्याच्याकडे मान वळवून बघायचा. नुसता बघायचा. त्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं.

गोजरबाई डोंगरकडा गावी बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. ती परत आली, गोठ्यात गेली, बाहेर आली आणि तडक लिंबाखाली जाऊन उभी राहिली. रामकिशन तिच्यामागे धावत गेला.

"बद्रूचाचा, तुमाला दिसत न्हाई तर हत्यार कायला धरता हातात?" ती म्हणाली. "माझ्या मालकानं वासरू आसल्यापसून हातानं चारलं त्याला. सोताच्या भाकरीतली चतकोर घातली. आता पेरनीला मी काय माझी मान देऊ जुवाखाली?"

मदीनाबी दारातून बाहेर आली. "गोजर, तोंड सांभाळून बोल. तुझ्या वऱ्हाडाच्या गाडीच्या बैलांना नाल कोनी ठोकले व्हते? तवा चांगले व्हते हे हात."

"तवा डोळे व्हते त्यांना."

"मदीना, गप ऱ्हाय," बद्रुद्दीन म्हणाला. "तिचा बैल गेला. तिला बोलू दे."

गोजरबाई आणखी बोलणार होती, पण म्हाताऱ्याने असं मान खाली घालून ऐकून घेतलं की तिचंच बोलणं थांबलं. ती रामकिशनकडे वळली. "चला भाऊ. तुमाला किती तकलीफ. दुसऱ्याच्या बैलापायी रात्रंदिवस जागून राहिले म्हने तुमी."

रामकिशन तिच्या मागून चालू लागला. त्याला पुढची वाट दिसत असून ठेच लागली.

त्यानंतर लिंबाखाली बैल येईनासे झाले. कोणी भांडलं नाही, कोणी बोललं नाही. एक जण गेला साखऱ्याला, दुसरा गेला कनेरगाव नाक्याला. येताना बाजूच्या वाटेने यायचे, लिंबावरून नको. बद्रुद्दीन सकाळी हत्यारं मांडून बसायचा आणि दुपारी आवरायचा.

एकदा रामकिशन तिकडून जाताना कुंपणापाशी थबकला. मदीनाबी गोधडी घडी करून नवऱ्याच्या मांडीवर ठेवत होती. घडीत तिने ज्वारीचा एक दाणा लपवला होता. म्हातारा वरून अंगठा फिरवत होता. "हा हितं." मदीनाबीने पाहिलं, "व्हय, बराबर." तिने पुन्हा लपवला. "हितं." "बराबर." "आजून एक घडी घाल वरून." तिने घातली. "हितं." मदीनाबी म्हणाली, "बस करा की आता. सारे दाने सापडून राहिले तुमाला."

"मंग त्या दिवशी खडा काहून सापडला न्हाई," बद्रुद्दीन म्हणाला.

रामकिशन घरी आला तो जेवलाच नाही. द्वारकाबाईने ताट समोर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

"आवो," ती म्हणाली, "त्या दिवशी येठण काहून सोडून बांधलं व्हतं?"

"ढिलं झालं व्हतं."

"ढिलं झालं व्हतं तर जागच्या जागी आवळायचं. तुमी ते सरकवलं." ती चुलीकडे तोंड करून बसली. "मी कोनाला बोलले न्हाई. बोलनार बी न्हाई. पन मला आता आडावर जायाची लाज वाटून राहिली. बाया म्हनतात, तुझा नवरा म्हंजे देवमानूस."

आखितीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस आला. शेतकऱ्याचं नवं साल त्या दिवशी लागतं, आणि गावाची कामं कोणी करायची तेही त्याच दिवशी पारावर ठरतं. उकंडराव पाटील मधे बसले होते. त्यांनी सांगितलं की कळमनुरीकडचा एक नालबंद यायला तयार आहे, तरणा आहे, डोळे शाबूत आहेत. बद्रुद्दीन पाराच्या खाली, पायरीला टेकून बसला होता. त्याला बोलावलं नव्हतं, तो आपणच आला होता.

"बद्रूचाचा, गावाला वाईट वाटून राहिलं," पाटील म्हणाले. "पन बैल म्हंजे घरातलं मानूस. तुमचं काय म्हननं हाय?"

"मी काय म्हनू, पाटील. हात चुकला माझा. आता त्याचा भरोसा मलाच न्हाई तर तुमाला कुठून आसनार. येऊ द्या त्याला. माझी हत्यारं लागली तर घेऊन जा म्हना."

रामकिशन उभा राहिला. उभं राहताना त्याने शेजारच्याचा खांदा धरला.

"चाचाचा हात चुकला न्हाई," तो म्हणाला. "मी चाल खोटी सांगितली. हरण्या पाय फरफटवत व्हता. मी म्हनलो खडा हाय."

मोहनसिंगाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "बस रे खाली. म्हाताऱ्याची कीव आली म्हनून सोतावर घेऊन राहिला. तुझं मन ठावं हाय साऱ्यांना."

"तसाच हाय तो," मागून कोणी म्हणालं. "हरिचंदाच्या बायकोसाठी एवढं करतो, आता चाचासाठी बी."

गोजरबाई बायांच्या घोळक्यात कडेला उभी होती. ती पदर सावरून म्हणाली, "भाऊ, तुमी मधी नका पडू. तुमच्या हातून माझ्या बैलाचं वाईट व्हनार न्हाई. सारं गाव सांगंल."

रामकिशन खाली बसला असता तर कोणी काही म्हणालं नसतं. खरं बोलल्याचं पुण्य पदरात पडलं होतं, आणि त्या खऱ्याचं खोटं गावानेच करून टाकलं होतं. उलट त्याचं नाव आणखी मोठं झालं असतं. तो जवळजवळ बसलाच होता. मग त्याची नजर पायरीकडे गेली. सगळे रामकिशनकडे कौतुकाने बघत होते. बद्रुद्दीनचा चेहरा एकटाच त्याच्याकडे नव्हता. बद्रुद्दीन स्वतःच्या हातांकडे तोंड करून बसला होता.

रामकिशन पारावरून उतरला आणि घराकडे गेला. "रुसला वाटतं," कोणी तरी म्हणालं. पाटलांनी दुसऱ्या कामाचं बोलणं काढलं.

तो परत आला तो खांद्यावर जू घेऊन. जू आडवं, गल्ली अरुंद. एक टोक या भिंतीला लागत होतं, दुसरं त्या कुडाला. तो एकदा इकडे झोकला जात होता, एकदा तिकडे. मारोतीच्या देवळापाशी त्याचा पाय मुरगळला, तरी त्याने जू खाली ठेवलं नाही. पोरं हसत मागे धावली. पारावरची माणसंही आधी हसली. मग त्याने ते जू पाटलांच्या पुढ्यात उतरवलं, येठण सोडून बाजूला फेकलं आणि नुसतं बोट ठेवलं.

लाकडाला काही सांगावं लागत नाही. मधल्या खाचेत जुनी धूळ बसलेली होती, महिनाभराच्या वादीने ती नुसती पुसट झाली होती. आणि तिच्यापासून बोटभर अंतरावर वादीने घासून घासून दुसरी खाच पाडली होती, तेल लावल्यासारखी चकचकीत. पारावर एकही माणूस असा नव्हता ज्याला ती खाच वाचता येत नव्हती. ज्यांना अक्षर कळत नव्हतं त्यांना ती आधी कळली.

गोजरबाई पुढे आली. बायांनी पारापाशी येऊ नये, हे त्या दिवशी तिला कोणी सांगितलं नाही. तिने वाकून त्या चकचकीत खाचेत अंगठा घातला.

"ह्या लांब बाजूला कोन व्हता?"

"चांद्या," रामकिशन म्हणाला.

"अन् हिकडं?"

रामकिशनने त्या बाजूवर नुसता हात ठेवला. नाव गोजरबाईनेच घेतलं, "हरण्या."

"व्हय."

"कवापसून?"

"पोळ्यापसून."

ती सरळ झाली. "माझ्या रानात बी आसंच?"

"व्हय, वैनी."

"मालक गेले तवा मी तुमच्या दारात आले व्हते," गोजरबाई म्हणाली, "म्हनले, भाऊ, बैल विकते. तुमी म्हनले, नका विकू, मी हाय." एवढं बोलून ती मागे सरली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर रामकिशनला उभं राहायला काही तरी आधार मिळाला असता.

"ते जू हिकडं आना," खालून बद्रुद्दीन म्हणाला.

दोघांनी उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. तो टोकापासून चाचपत आला. मधल्या खाचेपाशी थांबला, पुढे सरकला, दुसऱ्या खाचेपाशी थांबला. तिथे त्याचा अंगठा बराच वेळ राहिला.

"मी तुला इचारलं व्हतं, जू बराबर हाय का."

"व्हय, चाचा."

"हे बी इचारलं व्हतं की बराबर पाहिलं का. तू म्हनला आजून आत आसंल. तुझ्या म्हनन्यावर मी चांगलं खूर कापलं." त्याने जू मांडीवरून ढकललं. "अन् मंग घरी बसून बायकोकडून दाने लपवून घेत व्हतो. माझी बोटं मेली का जिती हायत ते पाहत व्हतो. ह्या वयात."

रामकिशनने त्याचे पाय धरायला हात पुढे केले. बद्रुद्दीनला ते दिसलं नाही. पण पायाला हात लागताच त्याने पाय ओढून घेतले.

कळमनुरीच्या नालबंदाला निरोप गेला की येऊ नको. रामकिशनला काय शिक्षा करायची यावर थोडं बोलणं झालं. "ते त्याचं त्याला," म्हणून पाटलांनी बैठक मोडली.

दुपारी गोजरबाई रामकिशनच्या गोठ्यात आली. बद्रुद्दीनच्या सांगण्यावरून तिने हरण्याच्या खुराला लिंबाच्या पाल्याच्या पाण्याने शेक दिला, खुब्याला डागून घ्यायचं ठरवलं. तिने हरण्याचं दावं सोडलं. रामकिशन आधीच चांद्याचं दावं सोडून उभा होता. त्याने ते तिच्यापुढे धरलं. ती घेईल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि घेणार नाही असंही वाटलं नव्हतं.

"नेते," गोजरबाई म्हणाली. "रान पेरावं लागंल. पन ह्याची जोडी आता दुसऱ्याच्या बैलाशी करीन."

ती दोन्ही बैल घेऊन निघाली. चांद्या डौलात पुढे चालला होता आणि हरण्या मागून लंगडत, थांबत, खुरडत. गल्लीतल्या बाया दारात येऊन बघत होत्या. गोजरबाई चांद्याला ओढून धरून हरण्याच्या पावलाने चालत होती, म्हणून तिला स्वतःच्या घरी पोचायला फार वेळ लागला. द्वारकाबाईने रिकाम्या दावणीतली उरलेली वैरण गोळा केली आणि ती शेजारणीच्या म्हशीला नेऊन घातली.

लिंबाखाली पुन्हा बैल यायला लागले. लोक जरा जास्तच आले, ज्यांच्या बैलांना नालांची गरज नव्हती तेही आले. पण बद्रुद्दीनने एक गोष्ट बंद केली होती. पहिल्याच दिवशी मोहनसिंग आपला बैल पुढे करून म्हणाला, "चाचा, ठेचाळून राहिला हा."

"सांगू नको," बद्रुद्दीन म्हणाला. "चालव त्याला. मी चालतो संगं."

आणि तो उठला. बैलाच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला आणि बैलाच्या बाजूने खडकाळ वाटेवर चालायला लागला, वळणापर्यंत आणि परत. बैलाच्या अंगातली हालचाल तो हाताने धरत होता. खुब्याचा हिसका, पाय टेकताना बसणारा धक्का, सारं. बैलाची चाल त्याला बराबर कळायची. पण स्वतःची चालायची वाट त्याला दिसत नव्हती. तो दगडाला अडखळायचा, गुडघ्यावर यायचा, उठायचा. प्रत्येक बैलामागे एक फेरी. मालक लोक कासरा धरून मुकाट्याने पुढे चालायचे. खुरडतो, ठेचाळतो, फरफटवतो, हे सारे शब्द गावात होते तसेच होते, आडावर होते, बाजारात होते. पण लिंबाखाली आता कोणी ते विचारत नव्हतं. आणि आपला शब्द म्हाताऱ्याला का चालत नाही हे प्रत्येकाला ठाऊक होतं. ते कोणामुळे हेही.

रामकिशनकडे बैल नव्हता. लिंबाखाली त्याचं काही काम नव्हतं. तरी तो जायचा, बैल पाडताना दोर ओढायचा, पाय बांधायला मदत करायचा. कोणी त्याला नको म्हणालं नाही, ये म्हणालं नाही. बद्रुद्दीनला वाटायचं कोणी तरी गडी आहे. रामकिशन तिथे तोंड उघडत नसे.

जेठाच्या एका दुपारी गोजरबाई हरण्याला घेऊन आली. खूर भरत आलं होतं. जुवाखाली तो पुन्हा जाणार नव्हता, पण आता चारी पाय टेकवत होता. बद्रुद्दीनने त्याच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला आणि चालायला लागला. वळणाजवळ हरण्याचा खुबा एकदम खचला, तो बाजूला कलला आणि म्हाताऱ्याचा हात सुटला. म्हातारा हवेत हात मारत, तोल सावरत, दोन पावलं पुढे धडपडत गेला. रामकिशन धावला आणि त्याने बद्रुद्दीनला दंडाला धरून पडता पडता सावरलं. म्हाताऱ्याचं सगळं ओझं त्याच्या हातावर आलं. फार हलकं होतं ते.

"कोन हाय?" धापा टाकत बद्रुद्दीनने विचारलं.

गोजरबाई कासरा धरून उभी होती.

"मी, चाचा. रामकिशन."

बद्रुद्दीन तसाच उभा राहिला. श्वास बसेपर्यंत त्याने दंड रामकिशनच्या हातात राहू दिला. मग तो हळूच सोडवून घेतला, दुसरा हात पुढे करून हवेत चाचपला, हरण्याची पाठ सापडली तशी तिच्यावर ठेवला आणि बैलाला म्हणाला, "चल."